पाहुणे कसले, घरचेच ते

दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की पेपरात एक फोटो येतो. पाण्यात एका पायावर उभे असलेले रोहित, आणि खाली ओळ - 'सायबेरियाहून परदेशी पाहुण्यांचं आगमन'. गेली पंधरा-वीस वर्षं तरी मी ही बातमी वाचतोय. तलाव बदलतो, वार्ताहर बदलतो, पाहुणे आणि सायबेरिया काही हटत नाहीत. यंदा आमच्या हापिसच्या ग्रुपवर हीच बातमी तीन जणांनी टाकली आणि खाली धडाधड बदाम पडले. मी उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं, परत खोडलं. तिथे लिहून काही उपयोग नसतो. म्हणून मग इथे लिहितोय. जरा लांबण लागेल, चहा घेऊनच बसा.

आधी सायबेरियाचं उरकून घेऊ. मुंबईच्या ठाणे खाडीत जे हजारो लहान रोहित दिसतात ते आपल्याच गुजरातेतून येतात, कच्छच्या रणात अंडी घालतात. बीएनएचएसने २०२२ मध्ये खाडीतल्या काही रोहितांवर ट्रान्समीटर बसवले, त्यातले गुजरातकडे गेलेले नकाशावर दिसले. मग 'सायबेरिया' आला कुठून? माझा अंदाज, भरतपूरच्या सायबेरियन क्रौंचांवरून. पाठ्यपुस्तकात ते होते, तिथून सगळ्यांच्या डोक्यात बसले. गंमत (म्हणजे कसली गंमत) अशी की ते क्रौंच २००२ नंतर भरतपूरला दिसलेलेच नाहीत. पक्षी गेला, विशेषण उरलं.

आणि ज्याच्या नावातच सायबेरिया आहे, जो खरंच उत्तरेकडून हिमालय ओलांडून येतो, तो सायबेरियन गप्पीदास आपल्या घरामागच्या बाभळीवर बसलेला असतो. वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन चमचे साखर. त्याचा फोटो पेपरात येत नाही, कारण तो गुलाबी नाही.

पण माझा खरा राग 'सायबेरिया'वर नाहीच, तो 'पाहुणे' या शब्दावर आहे.

साधा हिशोब करा. करडा धोबी सप्टेंबरात आपल्याकडे उतरतो आणि एप्रिलच्या सुमारास परत जातो. म्हणजे सात महिने. उरलेल्या पाच महिन्यांत जाणं, घरटं, पिल्लं आणि परतीचा प्रवास. भोरड्यांचं तर त्याहून पुढे. त्या जुलै-ऑगस्टमध्येच यायला लागतात, ज्वारीवर उतरतात, फेब्रुवारी-मार्चात पळस आणि काटेसावरीवर मध पिऊन तोंडं पिवळी करून घेतात आणि मग एप्रिलात जातात. आठ-नऊ महिने! बारातले आठ महिने जो तुमच्याकडे राहतो, खातो, भांडतो, जागा अडवून बसतो, त्याला तुम्ही पाहुणा म्हणाल? आमच्या मावशीचा एक पुतण्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत असाच आमच्याकडे राहायला होता. त्याला कोणी पाहुणा म्हटलेलं मला तरी आठवत नाही, रेशनकार्डावर नाव घालायचंच काय ते बाकी होतं. :)

तुम्ही म्हणाल, शब्दांचा कीस काय पाडतोस? थांबा. पाहुण्याचं एक असतं, तो आला तर आनंद, नाही आला तर 'यंदा पाहुण्यांनी पाठ फिरवली' अशी दुसरी बातमी. दोष त्याचा किंवा हवेचा. घरच्या माणसाचं तसं नसतं. तो घरी आला नाही तर आपण विचारतो, काय बिनसलं? आपलं काही चुकलं का?

हा प्रश्न मला स्वतःला पडायला फार उशीर झाला. ती कथा अशी.

२०१९ च्या दिवाळीत बोनस मिळाला आणि मी कॅमेरा घेतला. सोबत ती लांबलचक तोफ. दर हिवाळ्यात सहा-सात वीकांत गाडी काढायची, चार मित्र, पहाटे साडेचारला निघून भिगवण. उजनीचं धरण १९८० साली झालं, त्याच्या फुगवट्याच्या कडेला हे गाव, पुण्याहून साधारण शंभर किलोमीटर. नाव करायची, नावाड्याला म्हणायचं, "दादा, जरा अजून जवळ घ्या." दादा जवळ घ्यायचे. पक्षी उडायचे. खटखटखटखट! 'फ्लाइट शॉट' मिळाला. शेजारच्या नावेतून कोणीतरी कुरवांना फरसाण फेकत असायचं, म्हणजे ते घिरट्या घालत डोळ्यांच्या पातळीवर येतात आणि फोटो झक्कास येतो. मीही फेकलंय. शेव, गाठी, जे असेल ते. मासे आणि किडे खाणाऱ्या पक्ष्याला तेलकट, खारट बेसन. आपल्या घरी आलेल्या पोराला आपण पेंड तरी खायला घालू का?

यात काय वाईट, हे तेव्हा कळत नव्हतं कारण हिवाळा म्हणजे पक्ष्यांची सहल अशीच माझी समजूत होती. थंडीला कंटाळून येतात, ऊन खातात, आपल्याला पोज देतात. खरं तर थंडीचा भाग दुय्यम आहे. पिसांचा कोट इतका जबरदस्त असतो की नुसत्या गारठ्याचं पक्ष्याला फारसं काही वाटत नाही. ज्यांना तिथे खायला मिळतं ते बर्फातही राहतात. उत्तरेत हिवाळ्यात किडे संपतात, पाणी गोठतं आणि दिवस एवढा लहान होतो की रात्र काढण्यापुरतं खाणं गोळा करायला तास पुरत नाहीत. ते येतात भुकेपोटी. आणि इथे आल्यावर सात महिने दिवसभर एकच हिशोब चालू असतो, आज जेवढं खर्चलं त्यापेक्षा जास्त मिळवलं का? फेब्रुवारी-मार्चात तर परतीसाठी चरबी साठवायची असते. काही पाणटिवळे आणि तुतवार निघण्यापूर्वी वजन दीडपट करतात, क्वचित दुपटीच्या जवळ नेतात. पट्टकादंब भिगवणच्या चिखलात गवत उपटत बसलेला असतो, तो पुढच्या महिन्यात हिमालय ओलांडणार असतो. सात हजार मीटरच्या वर उडालेले पट्टकादंब ट्रान्समीटरवर नोंदले गेलेत. त्याला आमच्या नावेने सकाळी आठ वेळा उडवायचं आणि वर 'अतिथी देवो भव' अशी कॅप्शन टाकायची!

असो. भिगवणने माझे डोळे उघडले असं नाही. डोळे उघडले आमच्या सीएसआरने.

आमच्या सोसायटीपासून चार किलोमीटरवर एक माळ आहे. नाव लिहीत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे तोफा लागतील. गुडघाभर गवत, मधूनमधून बाभळी, एक कोरडा ओढा. हिवाळ्यात तिथे भोवत्या येतात. हा शिकारी पक्षी झाडावर बसत नाही. दिवसभर गवताला घासून उडत नाकतोडे, उंदीर टिपतो आणि रात्री चक्क गवतातच, जमिनीवर, घोळक्याने झोपतो. माँटेग्यूचा भोवत्या कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येतो, म्हणजे गवतात जन्मतो आणि गवतातच हिवाळा काढतो. त्याच माळावर डोंबारी चंडोल, तीरचिमण्या, एखाद्या वर्षी धाविक. मी तिथे चार हिवाळे फोटो काढत होतो.

जुलै २०२३ मध्ये आमच्या कंपनीचा वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरला. जागा, अर्थातच, हाच माळ. सरकारी कागदांवर असे माळ 'पडीक' म्हणून धरले जातात, त्यामुळे परवानगी पटकन मिळते. सहाशे खड्डे, हिरवे टीशर्ट, पोहे, चहा, ढोलताशा. रोपं 'देशी' - वड, पिंपळ, कडुनिंब. देशी हो, पण या माळावरची नव्हेत! उद्या सहाराच्या वाळवंटात नारळ लावून 'झाडच आहे ना' म्हणण्यासारखं.

मी आयोजन करणाऱ्या मुलीला जाऊन भेटलो. म्हटलं, अगं, इथे भोवत्या झोपतात, हा माळ मोडू नका. ती काही दुष्ट वगैरे नव्हती. तिने शांतपणे विचारलं, "किती असतात? कुठल्या महिन्यात? नक्की कुठल्या भागात? काही डेटा आहे का? मी वर दाखवते."

वाचकहो, माझ्याकडे अकरा हजार फोटो होते. डेटा शून्य.

त्या रात्री मी हार्ड डिस्क उघडून बसलो. भोवत्याचे फोटो अप्रतिम होते. पिवळाजर्द डोळा, पंखाचं प्रत्येक पीस मोजता येईल असं. पण किती पक्षी होते? माहीत नाही, मी एकाचाच पाठलाग करत होतो. कुठे होते? कळणं शक्य नाही, कारण पार्श्वभूमी धूसर! लाखभर रुपये मोजून मी जी काच आणली होती तिचं मुख्य काम हेच की पक्षी तेवढा दिसावा आणि तो ज्या गवतावर जगतो ते पुसून जावं. आणि ज्या रविवारी एकही भोवत्या दिसला नाही त्या रविवारचा फोटो कसा असणार? सर्व्हरवर फक्त एरर आल्यावरच लॉग लिहायचा आणि मग विचारायचं की एकूण रिक्वेस्ट किती होत्या, तसला प्रकार. नोकरीत असं कोणी केलं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

झाडं लागली. मी पण दोन खड्डे भरले, टीशर्ट अजून आहे.

त्या ऑक्टोबरात मी पक्षिशास्त्राच्या एका वीकांत वर्गाला नाव घातलं. शनिवारी संध्याकाळी दोन तास वर्ग, रविवारी पहाटे मैदानात. अठरा जण होतो. पहिले चार आठवडे सरांनी 'दुर्मीळ' हा शब्दसुद्धा उच्चारला नाही. पिसाची रचना, पिसं कधी गळतात, चोच आणि चिखलाची खोली यांचा संबंध. शेकाट्या पाण्यात कुठवर जातो आणि तुतवार का जात नाही. पहिला गृहपाठ काय, तर कावळा! घराजवळचा एक कावळा अर्धा तास बघा आणि दर मिनिटाला तो काय करतोय ते लिहा. पाचव्या आठवड्याला आम्ही अकरा उरलो. एकजण सोडताना म्हणाला, "यापेक्षा अ‍ॅप बरं ना, आवाज ऐकवला की नाव सांगतं." खरंय, सांगतं. मीही वापरतो. पण सरांचं एक वाक्य असायचं, "नाव नंतर सांगा हो, आधी तो करतोय काय ते सांगा." आपल्या सगळ्या वीकांत-पक्षीनिरीक्षणाचं दुखणं या वाक्यात आहे. नाव कळलं की आपण पुढे निघतो, यादीत एक खूण वाढते. ज्या क्षणी बघायला सुरुवात व्हायची, त्याच क्षणी आपण बघणं बंद करतो.

एक उदाहरण देतो, कारण त्याने मी पुरता खलास झालो. ऑक्सफर्डजवळ थेम्सच्या काठी निक डेव्हिस या माणसाने हिवाळाभर धोबी बघितले. दुर्मीळ बिर्मीळ काही नाही, साधे काळेपांढरे धोबी. १९७६ साली त्याने ते प्रसिद्ध केलं. नदी काठावर मेलेले किडे आणून टाकते. धोबी काठाचा एक पट्टा आपला म्हणून राखतो आणि त्यावर ठरलेली फेरी मारतो. एका काठाने वर, दुसऱ्याने खाली, सुमारे चाळीस मिनिटांत एक फेरी. का? कारण नुकत्याच चालून गेलेल्या जागी किडे उरलेले नसतात, नदीला ते परत आणायला वेळ लागतो. बाहेरचा धोबी मध्येच उतरला तर तो अर्धी साफ झालेली जागा चाळत बसतो, म्हणून मालक त्याला हाकलतो. आणि ज्या दिवशी खाणं भरपूर त्या दिवशी तोच मालक एखादा उपरा चालवून घेतो, कारण तो दुसऱ्यांना हाकलायला मदत करतो. हे सगळं एका दुर्बिणीवर, एका घड्याळावर आणि चिकाटीवर!

मी आमच्या सोसायटीमागच्या नाल्यावर (नदीच म्हणायचं, पण नाला) करड्या धोब्याला घड्याळ लावून बसलो. माझा धोबी इतका शिस्तीचा निघाला नाही. पण पाइपाच्या तोंडापासून पुलापर्यंतचा तुकडा त्याचाच होता आणि दुसरा धोबी आला की चिट्-चिट् करत तो त्याला पुलापलीकडे सोडून यायचा. नऊ वर्षं मी त्या पुलावरून हापिसला जातोय.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं. पर्णवटवट्या नावाचा हिरवट, चिमणीहून लहान, कॅमेरावाल्यांनी पूर्ण वाळीत टाकलेला पक्षी. ट्रेव्हर प्राइस आणि मधुसूदन कट्टी यांनी दक्षिण भारतात त्याचा हिवाळा अभ्यासला. एकेक पक्षी झाडांचा आपापला तुकडा हिवाळाभर राखतो, ओरडून शेजाऱ्याला बजावत राहतो. आणि कुठल्या वर्षी किती पक्षी हिवाळा काढू शकतात याचा संबंध आपल्याकडच्या पावसाशी लागतो. पाऊस कमी, की पानांवर किडे कमी, की पक्षी कमी. म्हणजे उत्तरेच्या जंगलात उन्हाळ्यात किती वटवटे गातील याचा थोडा तरी निकाल तिरुनेलवेलीच्या पावसात लागतो. आता सांगा, पाहुणा?

झाडं लावणाऱ्यांना मी शत्रू मानत नाही. आपल्याला शाळेपासून हेच शिकवलंय की हिरवं म्हणजे चांगलं आणि पिवळं म्हणजे उजाड. पण हा माळ जंगल तोडून झालेला नाही. २०२५ मध्ये अशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी काय केलं, तर जुनं मराठी वाङ्मय उपसलं, लीळाचरित्रापासून ओव्यांपर्यंत, आणि त्यात कुठली झाडं-गवतं येतात ते टिपलं. निष्कर्ष असा की पश्चिम महाराष्ट्राचा हा भाग किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही माळच होता. चक्रधरस्वामींच्या काळापासून जे आहे त्याला आपण एका शनिवारी पोहे खाऊन 'दुरुस्त' करायला निघतो. आमच्या माळावर मेंढ्या चारणारे एक बाबा आहेत, त्यांनी मला सरळ विचारलं, "सायेब, झाडं लावा की, पर मेंढरानं काय खावं?" त्यांच्याही टेबलावर कोणी डेटा मागायला गेलं नव्हतं.

आणि हे फक्त आमच्या माळाचं रडगाणं नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा २०२३ चा अहवाल बघा. ९४२ जातींचा आढावा, त्यातल्या ३३८ जातींबद्दलच लांब पल्ल्याचा कल सांगण्याइतकी माहिती होती आणि त्या ३३८ मधल्या ६० टक्के जाती घटल्यात. सगळ्यात जास्त फटका बसलेल्यांत शिकारी पक्षी, स्थलांतरित बदकं आणि किनारपक्षी, उघड्या माळांवरचे पक्षी. हा अहवाल उभा राहिला तो तुमच्या-माझ्यासारख्या तीसेक हजार हौशी लोकांच्या तीन कोटी नोंदींवर. तेव्हा 'आपण काय शास्त्रज्ञ थोडेच' हे कारण चालणार नाही. पण अट एकच आहे, जे दिसलं ते सगळं लिहायचं, मोजून, कावळ्यासकट. माझे अकरा हजार फोटो या अहवालात कुठेही नाहीत. कोणा काकूंनी दर रविवारी बागेत मोजलेले कावळे-साळुंक्या आहेत.

फोटोग्राफर मित्र यावर चिडतील, चिडलेतही. एकाने सुनावलं की फोटोमुळे लोकांना आवड लागते. लागते ना, मलाही तशीच लागली. पण सहा वर्षं झाली तरी ती आवडच राहिली असेल तर तिचं काय लोणचं घालायचं? तुम्हाला माळावरच्या पक्ष्यांचे चारशे लाइक मिळतात, मग माळ जाताना तुमच्याकडे एक पान तरी असायला नको?

मी वर्ग संपवला (शेवटी नऊ जण उरलो होतो) आणि एक दोनशे पानी वही घेतली. कॅमेरा घरी. माळाचा उरलेला, न खणलेला अर्धा भाग, दीड किलोमीटरची एकच वाट, दर रविवारी पावणेसातला सुरुवात, एक तास. जे दिसेल ते मोजायचं, नाही दिसलं तर शून्य लिहायचं. शून्य लिहायला फार जिवावर येतं, पहिल्या महिन्यात मी दोनदा चोरी केली. पंधरा दिवसांतून एकदा संध्याकाळी बांधावर बसून झोपायला उतरणारे भोवत्या मोजायचे. दोन हिवाळ्यांत मिळून सेहेचाळीस रविवार झाले. बायको म्हणते, एवढ्या नियमाने तू जिमला गेला असतास तर.

जून २०२५ मध्ये पुन्हा सीएसआरचा मेल आला. त्याच मुलीकडे गेलो, या वेळी एक पान घेऊन. महिन्यावार आकडे, झोपायच्या जागेचा हाताने काढलेला नकाशा, सर्वाधिक संख्या सात, लावलेल्या भागात शून्य. तिने वाचलं, दोन प्रश्न विचारले, पान वर नेलं. कार्यक्रम एका शाळेच्या मैदानाच्या कडेला हलला. मी आठवडाभर हवेत होतो.

ऑगस्टात दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीच्या तीन बस माळावर आल्या. त्यांचे टीशर्ट निळे होते.

२१ डिसेंबर २०२५, रविवार. सकाळी ६.४५ ते ७.४५. धुकं, वारा नाही. डोंबारी ६. तीरचिमण्या ११. गप्पीदास १, त्याच बाभळीवर. कावळे १४. धाविक ०. भोवत्या ०. संध्याकाळी बांधावर ५.३० ते ६.४० - भोवत्या २, उतरायच्या आधी बराच वेळ घिरट्या.